'बझवर्ड'ला 'परवलीचा शब्द' म्हणावं का?

वेंगुर्ल्याहून प्रश्न आलाय: "पर्यटनाबरोबर गावात शिरलेल्या शब्दांचा आम्ही आठ-दहा जण ऑनलाइन कोश करतोय. होमस्टे, ऑरगॅनिक, अनएक्सप्लोर्ड, व्हायरल वगैरे. नोंद कुणीही लिहावी, कुणीही सुधारावी. दोन ठिकाणी अडलोय. बझवर्डला 'परवलीचा शब्द' म्हणावं का? आणि जो तो वेगळा अर्थ सांगतो, तेव्हा व्याख्या कुणाची धरायची?"

आधी परवल. पहाऱ्यावर आपला माणूस ओळखायला ठरवलेला खुणेचा शब्द म्हणजे परवल. ती मोजक्यांनाच ठाऊक, आणि ज्याला सांगता येत नाही तो वेशीबाहेर. बझवर्डचं उलट असतं. तो सगळ्यांच्या तोंडी असतो, अर्थ विचारला की मात्र चाचपडणं सुरू होतं. "सध्या विकास हा परवलीचा शब्द झाला आहे" असं छापून छापून वर्तमानपत्रांनी हा अर्थ रुळवला, त्यामुळे आज त्याला चूक म्हणणं हट्टीपणाचं होईल. तरी कोशाच्या नावात मी तो घेणार नाही, कारण तुम्ही तर परवल फोडायला बसलायत! 'टूम' हा शब्द मला आवडतो, पण त्यात नाक मुरडणं आहे, आणि कोशकाराने नोंद लिहिण्याआधीच नाक मुरडू नये. माझं मत 'चलतीचे शब्द' याला. आपण दुकानाची चलती म्हणतो, पुढाऱ्याची चलती म्हणतो, आणि ती उद्या ओसरणार हे न सांगताही त्यात येतं.

खरा पेच दुसऱ्या प्रश्नात आहे.

'होमस्टे' घ्या. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याकडे पाट्या असत 'राहण्याजेवणाची घरगुती सोय'. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने योजना काढली तिचं नाव 'निवास व न्याहारी', आणि ती अक्षरं आजही कित्येक फाटकांवर दिसतात. आता त्याच फाटकावर वर 'होमस्टे' रंगवलेलं असतं. तिन्हींचा अर्थ एकच का? घरमालकाला विचारा, तो म्हणेल, खोल्या भाड्याने देतो, दुसरं काय! पुण्याहून आलेल्याच्या मनात मात्र ओसरी, शेणाने सारवलेलं अंगण आणि आजीच्या हातचे घावणे असतात. प्रत्यक्षात मिळते मागच्या आगरात बांधलेली स्लॅबची चार खोल्यांची चाळ, एसीसकट. कुणीच खोटं बोललेलं नसतं. शब्दच तेवढा ऐसपैस आहे, आणि ऐसपैस आहे म्हणूनच त्याची चलती आहे. तेव्हा 'घरात राहून पाहुणचार घेण्याची सोय' अशी एका ओळीची व्याख्या लिहून मोकळं होऊ नका. कोण म्हणतो, कुणाला म्हणतो आणि काय विकताना म्हणतो, हे लिहा. चलतीच्या शब्दाचा अर्थ तिथे सापडतो.

इथे सगळ्यांनी मिळून लिहिण्याचा फायदा आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, सुधारलेली आवृत्ती १८५७ साली आली. मधल्या काळात बदललेल्या शब्दाला तेवढं थांबावं लागलं. तुमच्या कोशात खानावळवाली सकाळी लिहील, रिक्षावाला दुपारी खोडेल. फक्त खोडण्याची रीत आधी ठरवा. दोन नमुने डोळ्यांसमोर ठेवा. १९९९ साली सुरू झालेल्या 'अर्बन डिक्शनरी'त एकाच शब्दाखाली कितीही व्याख्या टाकता येतात आणि वाचक मतं देतात. गंमतीला ती छान, पण तिथे वरचढ ठरते ती बहुधा चटकदार व्याख्या. दुसरा नमुना २००२ सालच्या विक्शनरीचा, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड असलेल्या शब्दकोशाचा, जिची मराठी आवृत्तीही आहे. इंग्रजी विक्शनरीत शब्द टिकायला, निदान नीट नोंदल्या गेलेल्या भाषांच्या बाबतीत, किमान वर्षभराच्या अंतरात पसरलेले तीन स्वतंत्र वापर दाखवावे लागतात. अगदी ताज्या शब्दाला सवलत मिळते, पण तशी खूण लावून. तुम्ही ही दुसरी रीत उचला. छापील पुरावे मागत बसू नका. पाटीचा फोटो, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीची नोटीस, काहीही चालेल. गाव आणि महिना मात्र हवाच.

मतदान नको म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. मोसमात 'ऑरगॅनिक हापूस' या नोंदीवर मतं कुणाची पडतील? विकणाऱ्यांची. बागायतदार 'ऑरगॅनिक' म्हणतो तेव्हा त्याला झाडावर रासायनिक फवारणी नाही एवढं म्हणायचं असतं. गिऱ्हाईक मात्र समजतं की कार्बाइड न वापरता गवताच्या अढीत पिकवलाय. दोन वेगळ्या गोष्टी! फवारलेला आंबाही अढीत घालता येतो. शिवाय कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदीच आहे, म्हणजे कार्बाइड नसणं ही काही वेगळी मिरवायची गोष्ट नव्हे. नोंदीत दोन्ही अर्थ क्रमांक घालून वेगळे द्या, आणि त्यांच्या गल्लतीतून दर चढतो हेही लिहा. भांडण झालं तर होऊ द्या.

काही शब्दांच्या बाबतीत भांडणाला जागाच नाही, तिथे कायदा बोललेला आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तेव्हा "खरा हापूस फक्त देवगडचा" हे वाक्य अर्थ म्हणून नको, वापराचं उदाहरण म्हणून घ्या. (देवगडकर मला बोलावून सुनावतील. पेटी घेऊन आले तर ऐकून घेईन.)

'अनएक्सप्लोर्ड बीच' वाचलं की मात्र माझी तटस्थता सुटते. पिढ्यान्‌पिढ्या जिथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागते, सुकतीला म्हणजे ओहोटीला बाया जिथे कालवं काढायला जातात, तो किनारा कुणी शोधायचा राहिला होता? या नोंदीत मी अर्थ लिहीन: 'ज्याचा रील बोलणाऱ्याने याआधी पाहिलेला नाही असा'. आणि मग मीच तो खोडीन, कारण ती टिप्पणी झाली, व्याख्या नव्हे. असे शेरे चर्चेच्या पानावर टाका, नोंदीत नको.

मराठी प्रतिशब्द हवेत का, असंही कुणीतरी विचारणारच. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला. त्यांच्या नावावर असलेले दिनांक, महापौर हे शब्द आपण विचार न करता वापरतो. पण ते कचेरीत आणि छापखान्यात रुजले. होमस्टे रुजला तो फाटकावर, तिथे प्रतिशब्द सुचवा, लादू नका. 'निवास न्याहारी' आहेच की तयार.

शेवटी व्याकरण, कारण हौशी कोशांत तेच हटकून सुटतं. 'व्हायरल' पूर्वी तापाला लागायचा. आता तो मराठीत मुख्यतः 'होणे' आणि 'करणे' यांच्या जोडीने चालतो, हे लिहा. 'रील'चं लिंग अजून ठरायचंय. मी वर 'ज्याचा रील' लिहिलं, माझी भाची 'ती रील' म्हणते, आणि एसटीत शेजारच्या बाईंकडून "पोरांनी रीलां काढल्यानी" ऐकलं, म्हणजे दोऱ्याच्या रिळासारखं नपुंसकलिंगी. तिन्ही नोंदवा. ते तिसरं कुडाळ ते सावंतवाडी या टप्प्यातलं, गेल्या मे महिन्यातलं.