जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: डिस्ट्रो निवडण्याआधी डिस्क तपासा

तुमचा लॅपटॉप २०१० सालचा असून त्यात पहिल्या पिढीचा कोअर आय३ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ३२० जीबीची हार्ड डिस्क आहे. विंडोज ७ आता अतिशय रेंगाळते, म्हणून सर्वांत हलकी डिस्ट्रो (लिनक्सची वापरायला तयार आवृत्ती) कोणती आणि इन्स्टॉलरमध्ये विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवण्याचा पर्याय का दिसत नाही, असे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. माझ्या मते पहिला प्रश्न थोडा घाईचा आहे, कारण या वयाच्या यंत्राचा वेग बहुतेक वेळा डिस्ट्रोमुळे अडत नाही, डिस्कमुळे अडतो.

म्हणून काहीही पुसण्याआधी लिनक्स मिंट या डिस्ट्रोच्या एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपच्या) आवृत्तीचा पेनड्राइव्ह तयार करा आणि लॅपटॉप त्यावरून, म्हणजे लाइव्ह पद्धतीने, सुरू करा. पडदा काळाच राहिला तर सुरुवातीच्या यादीतला कंपॅटिबिलिटी मोड निवडावा. मेन्यूत ‘डिस्क्स’ नावाचे साधन आहे. त्यात हार्ड डिस्क निवडून वरच्या तीन ठिपक्यांमधून ‘स्मार्ट’ची, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवलेल्या नोंदींची, माहिती उघडा आणि दोन ओळी शोधा: ५ क्रमांकाची ‘रिअॅलोकेटेड सेक्टर’ (बिघडल्यामुळे बदललेले भाग) आणि १९७ क्रमांकाची ‘करंट पेंडिंग सेक्टर’. दुसऱ्या ओळीतली संख्या शून्याहून अधिक असेल, तर डिस्कवरचे तितके भाग धड वाचता येत नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. अशी डिस्क वाचताना पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, तेवढा वेळ सगळे थिजते आणि आपण दोष मात्र विंडोजला किंवा लिनक्सला देत राहतो. तसे आढळले तर आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या. त्या डिस्कवर कोणतीच डिस्ट्रो बसवण्यात अर्थ नाही.

डिस्क ठणठणीत असली तरीही ती बदलून एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवरची डिस्क) घालावी, असे मी सुचवीन. जुन्या लॅपटॉपचा साटा जोड (डिस्क जिथे जोडतात ती जोडणी) दुसऱ्या पिढीचा असतो, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, ही हरकत नेहमी ऐकू येते आणि ती खरीही आहे, पण इथे ती गैरलागू आहे. संगणक सुरू होताना हजारो लहान फाइली वेगवेगळ्या जागांवरून वाचल्या जातात. फिरत्या डिस्कला प्रत्येक वेळी सुई हलवावी लागते, म्हणून तिला सेकंदाला शंभराच्या आसपासच अशी वाचने जमतात, तर साध्या एसएसडीला त्याच जोडावर हजारो जमतात. अडीच इंची एसएसडी बहुधा ७ मिलिमीटर जाडीची असते आणि जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटरची, पण स्क्रूची भोके जुळतात, त्यामुळे ती त्याच चौकटीत बसते.

आता रॅम. हलक्या डेस्कटॉपमुळे फार तर काहीशे एमबी वाचतात आणि ब्राउझरचे चार-पाच टॅब उघडताच ती बचत संपते. तुमच्या प्रोसेसरला ८ जीबीपर्यंत रॅम चालते. ती ४ जीबी केली तरी मिंट एक्सएफसीई निश्चिंतपणे वापरा. मिंटने स्वतः २ जीबी ही किमान आणि ४ जीबी ही सोयीची मर्यादा सांगितली आहे. रॅम वाढवणे शक्यच नसेल, तर डेबियन या डिस्ट्रोवर एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप किंवा थेट अँटिएक्स ही हलकी डिस्ट्रो घ्या. ३२ बिटांच्या आवृत्त्या शोधत बसू नका, तुमचा प्रोसेसर ६४ बिटांचा आहे. (ज्यांचा खरोखरच ३२ बिटांचा आहे, त्यांच्यासाठी वाटा अरुंद झाल्या आहेत: मिंटच्या मुख्य आवृत्तीने २०२० मध्ये आणि डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून तो इन्स्टॉलर बंद केला.)

२ जीबीवरच राहायचे असेल तर झेडरॅम चालू करा. त्यात रॅममधलीच काही माहिती आकार दाबून रॅममध्ये साठवली जाते, त्यामुळे डिस्कवरच्या स्वॅपकडे (रॅम कमी पडल्यावर वापरायच्या जागेकडे) जाण्याची वेळ उशिरा येते. ‘झेडरॅम-टूल्स’ हे पॅकेज घालून त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रमाण ५० टक्के आणि दाबण्याची पद्धत एलझेड४ ठेवा. जुन्या प्रोसेसरला ती सहज झेपते. जिथे तिथे ‘स्वॅपिनेस (स्वॅप किती तत्परतेने वापरायचे ते ठरवणारा आकडा) १० करा’ हा सल्ला डोळे झाकून दिला जातो, तो मात्र इथे उलटा पडतो. तो डिस्कवरच्या स्वॅपसाठी आहे. झेडरॅम असताना मूळचे ६० किंवा त्याहून जास्तच हवे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांमध्ये, आहे. त्या काळच्या लॅपटॉपवर एमबीआर पद्धतीचा तक्ता (या भागांची यादी) असतो आणि त्यात चारच प्राथमिक पार्टिशन मावतात. विंडोजचे छोटे बूट पार्टिशन, सी ड्राइव्ह, कंपनीचे रिकव्हरी पार्टिशन आणि आणखी एखादे, अशी चारही जागा आधीच भरलेली असली की इन्स्टॉलरला पाचवे करता येत नाही आणि तो पर्याय गाळला जातो. एखादे प्राथमिक पार्टिशन काढून तिथे एक्स्टेंडेड (ज्याच्या आत आणखी भाग पाडता येतात असे) करता येते, पण त्यासाठी रिकव्हरीवर पाणी सोडावे लागेल. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. त्यामुळे नव्या एसएसडीवर फक्त लिनक्स बसवावे आणि जुनी डिस्क तशीच बाजूला ठेवावी. काही राहून गेले असे वाटले तर साटा-यूएसबी केबलने ती केव्हाही वाचता येते.

एक गोष्ट मला फार महागात पडली होती. अशाच एका लॅपटॉपवर अँटिएक्स लाइव्ह चालवताना वायफाय जोडले जाई, पण ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अवैध ठरवी आणि पॅकेजेसही उतरत नसत. मी अर्धा दिवस वायफायचे ड्रायव्हर बदलत बसलो. शेवटी सहज कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेले, तर त्यात २००९ साल दिसत होते. मदरबोर्डवरची छोटी बटण-बॅटरी संपली होती, त्यामुळे चार्जर काढला की तारीख मागे जाई, आणि मागच्या तारखेला आजचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते. एसएसडी आणि रॅमसाठी लॅपटॉप उघडणारच आहात, तेव्हा ती बॅटरीही त्याच वेळी बदला. पुष्कळदा ती प्लास्टिकच्या वेष्टनात, दोन तारांच्या इवल्या जोडणीसह असते, म्हणून नवी आणताना जुनी सोबत न्या.