छापायचं नसेल तर आत्मचरित्र कशाला लिहायचं?

तुम्ही विचारलंय की कुणी वाचणारच नसेल, तर आत्मचरित्र लिहून स्वतःला काय मिळतं. मी दोन वर्षं लिहितोय, ११० पानं झालीत, छापायचा विचार नाही. माझ्यापुरतं सांगतो.

तोंडी सांगताना जे खपून जातं ते कागदावर खपत नाही. बाबांनी मला चित्रकला शिकू दिली नाही, असं मी पस्तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. तो प्रसंग लिहायला घेतला. बाबा कुठे बसले होते, नेमकं काय म्हणाले? काही केल्या आठवेना. आठवला तो प्रवेशाचा कोरा फॉर्म, दप्तरात चार घड्या घालून ठेवलेला, कोपऱ्यावर शाईचा डाग. तो मी त्यांना दाखवलाच नव्हता! नाही म्हणतील या भीतीने मीच गप्प बसलो होतो. त्या दिवशी पुढे एक अक्षर लिहवलं नाही.

असं होतंच म्हणा. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगांबद्दल लिहिलं. घटनेसोबत भावनाही लिहिणारे लिहून झाल्यावर जास्तच खिन्न होते, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत परिणाम तसा माफकच दिसला, तेव्हा औषध समजून लिहू नका. आणि एखादी जखम फारच ओली असेल तर एकट्याने तिच्या वाटेला जाऊ नका.

दुसरा फायदा किरकोळ, पण मला उपयोगी पडला. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात सर्वांत दाट असतात म्हणतात. माझी शाळा-कॉलेजची चाळीस पानं भरली, चाळिशीतली अख्खी दहा वर्षं दीड पानात आटोपली. चपापलो. तेव्हापासून रोज रात्री दोन ओळी टिपतो.

सुरुवात जन्मापासून करू नका, कंटाळून सोडाल. जो किस्सा तुम्ही शंभरदा सांगितलाय तोच आधी लिहा.

फॉर्मचं प्रकरण परवा ताईला वाचायला दिलं. वाचून म्हणाली, "डाग शाईचा नव्हता रे, तेलाचा होता." म्हणजे तिने तो तेव्हाच पाहिला होता.