ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांचे भाऊ ड्यूक ऑफ केंट यांचं विमान १९४२ मध्ये डोंगरावर कसं काय आदळलं?

मुळात ती उडती बोट होती, शॉर्ट संडरलँड. म्हणजे पाण्यावरून उडायचं, शक्यतो पाण्यावरूनच जायचं. २५ ऑगस्ट १९४२ ला स्कॉटलंडच्या इन्व्हरगॉर्डनहून ती आइसलँडकडे निघाली. किनारा धरून ईशान्येला जायचं आणि स्कॉटलंडचं टोक ओलांडून वायव्येला वळायचं, असा मार्ग होता. पण अर्ध्या-पाऊण तासातच विमान समुद्र सोडून डनबीथ गावाजवळ जमिनीच्या वरून उडू लागलं आणि ईगल्स रॉक या टेकडीला धडकलं. टेकडी फार उंच नाही, पण ढग खाली उतरलेले आणि लांबच्या पल्ल्यासाठी भरलेल्या इंधनाने विमान जड. १५ पैकी १४ जण गेले. शेपटीकडचा तोफची तेवढा वाचला, कारण त्याचा भाग तुटून बाजूला पडला.

चौकशीत ठपका वैमानिकावर आला: ठरलेला मार्ग सोडला, उंचीही कमी ठेवली. मार्ग का सुटला, हे मात्र तिथे सुटत नाही. राजाचा सख्खा भाऊ गेल्यामुळे कटाच्या गोष्टी भरपूर निघाल्या. माझ्या मते ढग आणि चुकलेली दिशा एवढं पुरेसं आहे. त्या काळी डोंगरांनी अशी कितीतरी विमानं घेतली.