जांभळ्या पानांना खत देण्याआधी मातीत थर्मामीटर रोवा

आपण लिहिले आहे की आठवडाभर चांगले ऊन पडले म्हणून टोमॅटोची रोपे वाफ्यात लावली, त्यानंतर गारठा परतला, आणि आता पंधरा दिवस झाले तरी रोपे जागची हललेली नाहीत. उलट पाने खालच्या बाजूने जांभळी पडली आहेत, तर कोणते खत द्यावे? नेमका हाच रंग मी पाहिला आहे आणि खत देऊनच माझी सगळी रोपे घालवली आहेत. म्हणून कळकळीची विनंती, तूर्त काहीही देऊ नका.

त्या वर्षी माझी 24 रोपे होती. ती जांभळी पडल्यावर मी एका कृषी सल्ला केंद्राला पानाचे छायाचित्र पाठवले आणि स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता आहे, विद्राव्य खत द्या, असे दोन ओळींचे उत्तर आले. रात्री थंडी किती पडते, माती किती ओली आहे, यांपैकी एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. निदान अर्धे बरोबर होते आणि त्यामुळेच मी फसलो. पानांना स्फुरद मिळत नव्हते हे खरे, परंतु ते मातीत नव्हते असे नाही. स्फुरद मातीत फारसे हलत नाही, मुळांनाच त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते आणि थंड मातीत मुळांची वाढ जवळजवळ थांबते. मी मात्र आठवड्यातून दोनदा खताचे पाणी ओतत राहिलो, म्हणजे गार माती आणखी गार आणि चिंब करत राहिलो. शेवटी एक रोप उपटले, तेव्हा जोर लावावाच लागला नाही. पांढऱ्या तंतुमुळांच्या जागी तपकिरी, बुळबुळीत दोरे होते आणि चिमटीत धरून ओढताच साल निघून आतला बारीक धागा तेवढा बोटांत राहिला. प्रश्न न विचारता खत किंवा औषध सांगणाऱ्याचा सल्ला, मग तो कितीही अधिकृत असो, मी तेव्हापासून घेत नाही.

आपली रोपे अजून उभी आहेत, त्यामुळे आशा आहे. पाणी तोडा. वाफ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन असेल तर दिवसा ते बाजूला सारा, म्हणजे ऊन थेट मातीला लागेल. सकाळी 8 ते 10 सेंटीमीटर खोल थर्मामीटर रोवून आकडा लिहून ठेवा. दुपारची हवा दोन तासांत तापते, ओल्या मातीला मात्र कित्येक दिवस लागतात. म्हणून सकाळचा आकडा सलग चार-पाच दिवस 15 अंश सेल्सिअसच्या वर राहीपर्यंत टोमॅटो, मिरची, वांगी किंवा काकडी बाहेर लावूच नये, असे माझे ठाम मत आहे. हात शिवशिवत असतील तर वाटाणा, पालक, मुळा पेरावेत. ते 7-8 अंशांनाही उगवतात, फक्त सावकाश. अर्थात वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती चिंब न राहता भुसभुशीत होण्याइतकी सुकल्याशिवाय, तिच्यात कुदळ घालू नका. मुठीत दाबलेला गोळा टिचकीने फुटला नाही, तर थांबावे.

निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्रींना विशेष जपा. अंदाजातले तापमान जमिनीपासून काही उंचीवर मोजलेले असते, त्यामुळे 3 अंश सांगितले असले तरी जमिनीलगत दहिवर गोठू शकते. दिवस मावळण्याआधी काठ्यांवर कापड असे पसरा की कडा जमिनीला टेकतील, कारण अडवायची आहे ती मातीतून वर येणारी ऊब. प्लास्टिक वापरल्यास ते पानांना टेकू देऊ नका आणि सकाळी ऊन चढण्याआधी काढा.

मी शास्त्रज्ञ नाही, आणि आपल्या मातीत स्फुरद खरोखरच कमी असण्याची शक्यता मी नाकारत नाही. ते माती परीक्षणातून कळेल. जुन्या पानांचा रंग पालटण्याची वाट पाहू नका, शेंड्याकडे लक्ष ठेवा. माती 15 अंशांवर स्थिरावल्यानंतर आठ-दहा दिवसांत नवे पान हिरवे आले तर खताची गरज नव्हती असे समजावे. तेही जांभळेच निघाले, तर मात्र परीक्षणाचा अहवाल पाहून आणि नेहमीच्या निम्म्या मात्रेने खत द्यावे.