सिंगापूरला निघालात? औंधचा फ्लॅट इतक्यात विकू नका

तुमचा प्रश्न असा: एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे सिंगापूरचा नोकरीचा परवाना, मंजूर झालाय, जानेवारीत बायको आणि चार वर्षांच्या मुलाला घेऊन निघायचंय, तर औंधचा फ्लॅट विकून सिंगापूरमध्येच घर घ्यावं का?

नका विकू. तुमच्या पासवर घर घेणं म्हणजे सरकारला आधी दुसरं अर्धं घर बांधून देण्यासारखं आहे. एप्रिल 2023 पासून परदेशी माणसाने घर घेतलं की किमतीवर 60 टक्के जादा स्टॅम्प ड्यूटी लागते, नेहमीची वेगळीच. 15 लाख सिंगापूर डॉलरच्या कॉन्डोवर, म्हणजे खाजगी फ्लॅटवर, ही नुसती जादा ड्यूटी 9 लाख. गंमत म्हणजे अमेरिकन पासपोर्टवाल्याला पहिल्या घरावर ती लागत नाही. दोन्ही देशांतल्या मुक्त व्यापार कराराची कृपा. म्हणजे ग्रीन कार्डावर अडकलेला आपला मराठी माणूस भरणार आणि त्याचा अमेरिकेत जन्मलेला मुलगा सुटणार.

इथे दहातले जवळपास आठ जण एचडीबी या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. ते घर तुम्हाला घेताच येत नाही. नवरा-बायको दोघांनाही पीआर, म्हणजे कायम रहिवासाचा परवाना, मिळून तीन वर्षं झाली की जुनं, म्हणजे रीसेलचं घ्यायची मुभा मिळते, आणि मग सहा महिन्यांत बाहेरदेशातलं घर विकावं लागतं. औंधसुद्धा त्यात आलं. विकायची वेळ आलीच तर ती तेव्हा येईल. (मुलालाही तुमच्याबरोबर पीआर घेतलात तर पुढे त्याला दोन वर्षं सक्तीची राष्ट्रीय सेवा आहे. घराच्या नादात हे बरेच आईबाप उशिरा वाचतात.)

त्यानंतर येतो वंशाचा कोटा. 1989 पासून प्रत्येक एचडीबी ब्लॉकमध्ये चिनी, मलय आणि 'भारतीय व इतर' यांची कमाल टक्केवारी ठरलेली आहे. आपल्या गटाला ब्लॉकमध्ये 15 टक्के, आजूबाजूच्या परिसरात 12. कोटा भरला असेल तर चिनी मालक तुम्हाला घर विकू शकत नाही, भारतीय मालक विकू शकतो. वस्त्या वंशवार होऊ नयेत हा हेतू, आणि तो मला पटतोही. आमच्या लिफ्टमध्ये तीन भाषा ऐकू येतात त्या आपोआप आलेल्या नाहीत. पण भुर्दंड कुणाला, तर विकायला निघालेल्या अल्पसंख्याकाला. ब्लॉकमधला चिनी कोटा भरलेला असला की सगळ्यात जास्त गिऱ्हाईक ज्या समाजाचं, त्यालाच तो घर विकू शकत नाही, मग भाव पाडून द्यावं लागतं. तक्रारी इतक्या झाल्या की 2022 मध्ये अशा अडलेल्या मालकांची घरं सरकारनेच विकत घ्यायची सोय काढली.

म्हणजे तुम्ही भाड्यानेच राहणार. तिथेही कोटा आहे: मलेशियन सोडून इतर परदेशी लोकांना पूर्ण एचडीबी फ्लॅट ब्लॉकमध्ये 11 टक्क्यांपर्यंतच भाड्याने देता येतात. घर आवडण्याआधी एजंटला "कोटा शिल्लक आहे ना?" हे विचारा, नाहीतर बायको पडद्यांची मापं घेऊन मोकळी होईल. आणि एजंट तुम्हाला विचारेल, "हेवी कुकिंग?" त्याचा अर्थ फोडणी. कधी थेट सांगतात, मालकाला इंडियन नकोत. नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध 2025 मध्ये कायदा मंजूर झाला, भाडेकरूला तसा आधार नाही. मी दोन घरं अशीच घालवली. तिसऱ्या मालकिणीला डाळ-भाताचा डबा नेऊन दिला. लाजिरवाणं होतं, पण घर मिळालं.

घर सोडताना तिनेच ओट्यामागच्या टाइल्सवरच्या हळदीच्या डागासाठी दोन महिन्यांची अख्खी अनामत अडवली. स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये 20,000 डॉलरपर्यंतचा दावा स्वतःच करायचा असतो, वकील चालत नाही. दोन वर्षांपर्यंतचे घरभाड्याचे करार त्यात येतात. माझ्याकडे ताबा घेतल्या दिवशीचे फोटो आणि एसी सर्व्हिसिंगच्या पावत्या होत्या. सुनावणीआधीच पैसे आले. माझ्या एका सहकाऱ्याची नोकरी गेली, देशात राहायला साधारण 30 दिवस मिळाले, त्यात मुलीची शाळा, सामान, तिकिटं. अनामतीसाठी दावा करायचा हक्क त्यालाही होता, पण तो नागपुरातून कसा लढणार? मालकांना हे पक्कं ठाऊक असतं.

म्हणून करारात 'डिप्लोमॅटिक क्लॉज' घालून घ्याच: नोकरी गेली तर वर्षभरानंतर दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर सोडता येतं. वर्षाची अट कमी करता आली तर भाड्यात शंभर डॉलर जास्त गेले तरी चालतील. ताबा घेताना ओट्यामागच्या टाइल्सचा फोटो मात्र जवळून काढा.