पलूसमधील (जि. सांगली) क्षारपड जमिनीत मत्स्यतळ्याला अनुदान मिळते का?

हो, मिळू शकते. क्षारांमुळे ऊस नीट येत नाही, तिथे मासे उसाची जागा घेऊ शकतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत नव्या गोड्या पाण्याच्या तळ्याचा खर्च हेक्टरी ७ लाख धरतात. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, म्हणजे २.८० लाख; महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के, ४.२० लाख. मत्स्यबीज-खाद्याचा खर्च वेगळा धरतात. हे आकडे योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतले आहेत. मात्र मंजुरीआधी जेसीबी लावू नका, आणि पाण्याची क्षारता आधी तपासून घ्याच. रोहू-कटला फार खारे पाणी सोसत नाहीत, तळे खोदल्यावर हे कळले तर पैसा बुडतो. अर्ज सांगलीच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्या. सातबारा सोबत न्या.