जुन्या खरेदीखतावर ‘जिल्हा ठाणे, तालुका वाडा’ आहे, पण साइटवर ठाण्यात वाडा दिसतच नाही. आजोबांची जमीन कुठे शोधायची?

वाडा तालुका आता पालघर जिल्ह्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि वाडा तिकडे गेला. असं बऱ्याच जणांचं होतं: कागदावर धुळे असतं आणि गाव नंदुरबारात निघतं, परभणीचं हिंगोलीत, अकोल्याचं वाशिममध्ये.

आता कार्यालयं. तुम्ही ‘प्रॉपर्टी रेकॉर्ड’ असं एकच काहीतरी शोधताय, पण आपल्याकडे ते तीन ठिकाणी विभागलेलं आहे. सातबारा, आठ-अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) हे महसूल खात्याचं, म्हणजे तलाठी आणि तहसील कार्यालयाचं काम. मोजणी, नकाशा आणि मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे. तुमच्या हातात आहे ते खरेदीखत मात्र दुय्यम निबंधकांकडे (सब-रजिस्ट्रार) नोंदलेलं असतं. (घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घराचा उतारा, वेगळाच.)

सुरुवात महाभूलेख या सातबाऱ्याच्या सरकारी साइटपासून करा. विभाग कोकण, जिल्हा पालघर, तालुका वाडा, मग गाव. विनास्वाक्षरीत सातबारा तिथे फुकट बघता येतो. तो फक्त माहितीपुरता. कुठे जोडायचा असेल तर डिजिटल सहीचा काढावा लागतो, त्याचे १५ रुपये पडतात.

खतावरचा सर्व्हे नंबर टाकून भलत्याच माणसाचा सातबारा आला तर घाबरू नका. बऱ्याच गावांत जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. जुन्या नंबरचा नवा गट कोणता, हे एकत्रीकरणाच्या पत्रकात मिळतं आणि ते भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात असतं. तोवर नावाने शोधा. त्यातही आडनाव टाकून शोधलेलं बरं. यादी लांबलचक येते, पण सगळी डोळ्यांखालून घाला, कारण घरी ज्यांना रामचंद्र म्हणायचे ते कागदावर नुसते ‘रामा’ असतात. आजोबांच्या थोरल्या भावाचं नावही बघा. पूर्वी एकत्र कुटुंबात थोरल्या एकट्याचं नाव लावायचे आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहायचे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तशी नोंद सापडली तर बाकी भावांचा हक्क आपोआप गेला असं समजू नका.

नाव सापडलं तरी ते कंसात आहे का बघा. कंस म्हणजे ते नाव नंतरच्या एखाद्या फेरफाराने कमी झालेलं आहे. शिवाय ‘इतर अधिकार’ या रकान्यात कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याचं, नाव आहे का, तेही नीट वाचा. खरेदीखत १९५७ च्या आधीचं असेल आणि जमीन आजोबांऐवजी दुसरं कोणी कसत असेल, तर ती कूळकायद्याने कुळाकडे गेलेली असण्याची शक्यता बरीच आहे. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवसापासून कसणाऱ्या कुळाला मालक मानलं गेलं. अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर कूळकायद्याच्या ‘३२ ग’ किंवा ‘३२ म’ या कलमांचे उल्लेख दिसतात. हे वाचून लोकांचा हिरमोड होतो, पण वकिलाकडे पैसे घालण्याआधी कळलेलं चांगलं.

नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर फार आशा ठेवू नका. तिथे सूची २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) मिळते, पण एकेक वर्ष निवडून शोधावं लागतं आणि आजोबांच्या काळातलं खत तिथे मिळणं कठीण. त्याचा उपयोग उलट दिशेने होतो: अलीकडच्या वर्षांत त्या गट नंबरची विक्री कोणी केली आहे का, हे कळतं. २०१४ च्या आधीची वर्षं बघताना पालघरबरोबर ठाणेही निवडून बघा.

सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक दिलेले असतात, ते टिपून ठेवा. माझ्या मते सगळ्या शोधात हाच आकडा सर्वांत कामाचा. ‘आपले अभिलेख’ या साइटवर जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन करून ठेवलेत. कार्यालय, तालुका, गाव आणि अभिलेखाचा प्रकार निवडला की यादी येते. जमीन कोणाकडून कोणाकडे आणि कशाने गेली, वारसाने, विक्रीने की कुळाने, ते फेरफारातच लिहिलेलं असतं. फार जुनी पानं मोडी लिपीत असली तर मोडी वाचणाऱ्याला गाठावं लागेल.

स्कॅनमध्ये नसेल तर मात्र वाडा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज द्या. अर्जात गाव, गट किंवा सर्व्हे नंबर आणि फेरफार क्रमांक, तिन्ही लिहा. नुसतं ‘आजोबांच्या जमिनीचे सर्व कागद मिळावेत’ असं लिहिलंत तर कारकून कुठलं दप्तर काढणार?